टोकाचा नळ

"पाण्यात औषध जास्त झालंय, चहाला वास मारतो." नोकरीत ही तक्रार मी जितक्या वेळा ऐकली, तितक्या वेळा कुणी मला माझ्या नावानं हाक मारली नसेल. मी आरोग्यसेवक होतो. सुरुवातीची वर्षं आंबेगाव तालुक्यात पेठच्या बाजूला काढली, पुढची सगळी जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या आसपासच्या गावांत. लोक 'औषधवाले भाऊ' म्हणायचे. तापाच्या रोग्याचं रक्त काचपट्टीवर घेणं, लसीकरणाला माणसं गोळा करणं, अंगावर चट्टा दिसला तर दवाखान्यात धाडणं, अशी कामं बरीच होती. माझा जीव मात्र पाण्याच्या कामात रमायचा.

काम तसं सोपं. गावाच्या टाकीत रोज टीसीएल पावडर पडली पाहिजे. पांढरी, झोंबऱ्या वासाची, पाण्यातले जंतू मारणारी पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. पावडर ओतणारा माणूस ग्रामपंचायतीचा. ती खरंच पडते का आणि नळापर्यंत पोचते का, हे बघणारा मी. माझ्या पिशवीत बोटाएवढी काचेची नळी असे आणि एक छोटी बाटली. नळीत पाणी धरायचं, बाटलीतले दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर औषध आहे. नाही झालं, तर त्या पाण्यात काय आहे ते देवच जाणे.

महिन्याला नमुने तालुक्याला पोचवायचे असत. बर्फाच्या डब्यात बाटल्या घालून मी एसटीत चढलो की एक कंडक्टर हमखास विचारायचा, "पावणं, आज मासळी कुठली?" पेठकडे एक आजोबा होते. औषधाच्या पाण्यानं महादेवाला अभिषेक केलेला चालतो का, ही त्यांची शंका. मी म्हणालो, चालतो, देवालाही पोट असतंच की. आजोबा चिडले नाहीत. विचार करून म्हणाले, मग थोडं कमी टाकत जा. एका गावात पावडरीची गोणी दर पंधरा दिवसांनी संपायची आणि नळाला मात्र थेंबभर औषध नसायचं. तपास केला तर पाणी सोडणाऱ्या गड्याच्या घरचा संडास तालुक्यात सगळ्यांत पांढराशुभ्र निघाला.

असले किस्से मी पुष्कळ सांगितलेत. आज सांगतोय ते घरीसुद्धा नीट सांगितलेलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून नांदती आहेत. गाव शेतकऱ्यांचं, म्हणजे आमच्याच लोकांचं. कांदा, टोमॅटो, थोडी द्राक्षं. गावापासून अर्ध्या मैलावर, उताराला, ठाकरवाडी. तिथं ठाकर समाजाची घरं. गावाची लागण, खुरपणी, तोडणी याच माणसांच्या हातांवर चाले. सरपंचांच्या टोमॅटोच्या रानात हिराबाई नावाची बाई मुकादमीण होती. पन्नाशीची, काटक, बोलायला तिखट. ती बांधावर उभी राहिली की तोडणीच्या बायांचा हात आपोआप वेगात चाले. गावात वाडीबद्दल कुणी वाईट बोलत नसे. "आपलीच माणसं हायेत," असंच म्हणत. फक्त त्यांचा विषय निघाला की आवाज जरा खाली यायचा आणि वाक्य जरा तुटक व्हायचं.

पावसाळ्याचे दिवस होते, श्रावण सरत आला होता. सकाळी रामदासचा फोन आला. रामदास म्हणजे पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. म्हणाला, "भाऊ, ठाकरवाडीत लई जनांना जुलाब-उलट्या लागल्यात. एक बाई टेंपोतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलीय."

मी मीठ-साखरेच्या पुड्या घेऊन निघालो. आधी गावात थांबलो. पंचायतीसमोर चहाच्या टपरीवर चार माणसं होती. त्यांनी सांगितलं, परवा वाडीत कुणाकडं तरी मटण झालं होतं, शिळं असणार. दुसरा म्हणाला, मेलेलं शेरडू असेल. तिसऱ्यानं नुसतं, त्यांचं राहणंच तसलं, म्हणून कप खाली ठेवला. मी तिथंच बाकावर बसून तालुक्याला पाठवायचा पहिला अहवाल लिहिला आणि आमच्या आरोग्य केंद्रावर धाडला. त्यात 'संभाव्य कारण' असा एक रकाना असतो. मी लिहिलं, 'शिळे अन्न व अस्वच्छ राहणीमान'. वाडीत पाऊल टाकण्याआधी लिहिलं. हे मी तोंडी एकदा कबूल केलंय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच.

वाडीत गेलो तेव्हा घराघरांत माणसं आडवी झाली होती. म्हाताऱ्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहत होती. अंगातलं पाणी संपल्याची ती खूण. मी पुड्या वाटल्या, कालवायच्या कशा ते दाखवलं. दुपारी आमच्या डॉक्टर मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, मुलगी विदर्भातली, आमच्या केंद्रावर येऊन वर्ष झालं होतं. त्यांनी वाडीची शाळा रिकामी करून घेतली, वाशाला दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या, आणि हात धुऊन मला विचारलं, "काका, अहवालात शिळं अन्न लिहिलंय. कुणाला विचारलं?"

मी म्हणालो, "गावात."

"वाडीत?"

मी पिशवी उचलली.

मग आम्ही दोघं घरोघर फिरलो. परवा काय खाल्लं, काल काय खाल्लं, हेच विचारत. एका घरात नाचणीची भाकरी आणि चटणी, दुसऱ्यात भात-आमटी, तिसऱ्यात रानभाजी. मटण एकाच घरात शिजलं होतं आणि त्या घरातला एकही माणूस आजारी नव्हता. पाचव्या-सहाव्या घराशी मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "पाणी कुठलं पिता?"

"खालच्या हिरीचं," एका मुलीनं सांगितलं.

मी लगेच म्हणालो की नाही मॅडम, वाडीला नळ आहे, गावाच्या टाकीची लाइन आहे. मुलगी दारातून बाहेर आली. मग तिनं आम्हाला शाळेमागं नेलं. नळ होता. त्याच्या तोंडात गांधीलमाशीनं घर केलं होतं.

शेजारच्या म्हातारीनं सांगितलं ते असं. दोन उन्हाळ्यांपूर्वी टाकी भरेना म्हणून वाडीकडचा व्हॉल्व्ह बंद केला. पाऊस पडला की सोडू म्हणाले. पाऊस पडला, व्हॉल्व्ह काही कुणी उघडला नाही. वाडीतल्या बाया गावातल्या नळावर जाऊ लागल्या. त्यांना कुणी हाकललं नाही. "थांबा जरा, आमचं व्हऊ द्या," एवढंच म्हणायचे. सगळ्यांचं होईपर्यंत पाणी जायचं. कामावर जायची वेळ व्हायची. मग त्या खालच्या जुन्या विहिरीवर जाऊ लागल्या. विहीर ओढ्याला लागून. गावाचं गटार त्याच ओढ्याला मिळतं, आणि जोराचा पाऊस झाला की ओढा विहिरीत शिरतो. मॅडमनी बाटलीत नमुना घेतला. नळीत दोन थेंब टाकायला मला सांगितलं. पाणी जसंच्या तसं राहिलं.

इथं आमच्या कामाचा एक नियम सांगायला हवा. पाणी तपासताना टाकीजवळच्या नळाला तपासून भागत नाही. तिथं औषध असतंच. टोकाच्या नळाला तपासायचं. औषध टोकापर्यंत पोचलं तर सगळ्यांपर्यंत पोचलं. या गावाचा टोकाचा नळ म्हणजे वाडीचा नळ. आणि माझ्या वहीत दर महिन्याला 'टोकाचा नळ – औषध आहे' अशी नोंद होती. दोन वर्षं, एकही महिना न चुकता. त्या जोरावर गावाला सुरक्षित पाण्याचं हिरवं कार्ड मिळालं होतं आणि ते फ्रेम करून पंचायतीत लावलं होतं.

मी दोन वर्षं वाडीत गेलोच नव्हतो. पंचायतीजवळच्या नळाला तपासायचो आणि दोन्हीकडं लिहायचो.

संध्याकाळी मॅडमनी वही मागितली. पानं उलटत गेल्या. मी समोर उभा. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं गावातल्या एका मळ्याच्या विहिरीची नोंद होती, ओढ्यापलीकडच्या. "काका, हा मळा वाडीपेक्षा लांब आहे ना?"

"हो."

"तिथं जात होता?"

"हो. दर महिन्याला."

तिथं चहा मिळायचा. खुर्ची मिळायची. मळेवाले माझ्या पाहुण्यांतले होते. वाडीला गाडी जायला रस्ता नव्हता असं नाही, होता. तिथं जाऊन कुणाला काय विचारायचं, असं वाटायचं, आणि न गेल्यानं कुणी मला काही विचारणार नाही हे माहीत होतं. मी स्वतःला कधी जातपात मानणारा समजलो नाही. कुणाला शिवायला मी कधी कचरलो नाही, माझ्या हातानं कितीतरी ठाकर पोरांना डोस पाजलेत. पण माझी मोटारसायकल कुठं वळते आणि कुठं वळत नाही, ते दोन वर्षं वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मॅडमनी वही मिटली. म्हणाल्या, "आम्हाला शिकवताना सांगितलं होतं की काही देशांत माणसाच्या कातडीचा रंग बघून त्याला वागवतात आणि त्यानं ती माणसं जास्त आजारी पडतात, लवकर मरतात. आपल्याकडं रंग बघायचीही गरज पडत नाही. वाडीचं नाव पुरतं."

तेवढ्यात दवाखान्यात नेलेल्या बाईची बातमी आली. ती हिराबाईची सून, सुनीता. तेवीस वर्षांची. घरी चार महिन्यांचा मुलगा. ती दुपारीच गेली होती.

दवाखान्यात काय झालं ते मला पुढं हिराबाईनंच सांगितलं. टेंपोत टोमॅटोच्या क्रेटांवर गोधडी टाकून सुनीताला नेलं होतं. वाटेत तिचं लुगडं भरलं होतं. व्हरांड्यात तिथल्या कामावरच्या एका बाईनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, हिला आधी धुऊन आणा, मग आत घ्या. हिराबाईनं विचारलं, कुठं धुऊ? मागं नळ आहे म्हणाली. हिराबाईनं सुनेला उचलून मागं नेलं, उघड्यावर धुतलं, आपलं लुगडं अर्धं फाडून तिला गुंडाळलं आणि परत आणलं. मग पुढं केसपेपर काढणं झालं. सलाईन लावायला घेतलं तेव्हा शीर सापडेना. अंगात पाणीच उरलं नव्हतं. डॉक्टरांनी खूप खटपट केली, असं हिराबाई आवर्जून म्हणाली. त्या डॉक्टरबद्दल तिची तक्रार नव्हती. "बाय वाईट नव्हती," असं ती पदर लावणाऱ्या बाईबद्दलही म्हणाली. "आमच्या मागनं एक जन आला, त्याला बी जुलाबच. त्येला 'या, बसा' म्हनली. तेवढाच फरक."

आमच्या प्रशिक्षणात माशीचं चित्र होतं, न धुतलेल्या हातांचं होतं, उघड्या अन्नाचं होतं. 'थांबा जरा, आमचं होऊ द्या' याचं चित्र कुठंच नव्हतं. त्याला अहवालात रकानाही नव्हता. पण सुनीताच्या अंगातलं पाणी काढायला हागवणीइतकंच तेही कारण झालं, असं मी आता मानतो.

विहिरीचा नमुना पिण्यास अयोग्य निघाला. मॅडमनी दुसरा अहवाल लिहून पाठवला, त्यात कारण लिहिलं: बंद नळ व असुरक्षित विहीर. माझ्या वहीबद्दल त्यांनी त्यात एक शब्द लिहिला नाही. मला म्हणाल्या, "ते तुम्ही लिहा. मी आठ दिवस थांबते." निवृत्तीला माझी तीन वर्षं राहिली होती. मी रोज कागद घेऊन बसायचो आणि रोज उठायचो.

सातव्या दिवशी ग्रामसभा झाली. वाडीतली माणसं आली होती, चपलांपाशी मागं बसली होती. सरपंचांनी सुनीताबद्दल हळहळ व्यक्त केली. ती खोटी नव्हती. मग वाडीत स्वच्छता मोहीम घ्यायचा ठराव आला. हात धुण्याचं शिक्षण, घरटी साबण. माना डोलल्या. तेव्हा हिराबाई उठली. सुनेच्या मुलाला तिनं काखेत घेतलं होतं.

"साबन द्या, घिऊ," ती म्हणाली. "पर आदी येक सांगा. आमच्या नळाचं पानी दर म्हैन्याला तपासलं म्हनून वहीत लिवलंय, असं आमच्या कानावर आलं. दोन वर्सं त्या नळाला पानीच न्हाई. मग तपासलं काय, आनि कुनी?"

सरपंचांनी रामदासकडं पाहिलं. पाठोपाठ सगळ्यांनीच पाहिलं. रामदास गरीब माणूस, पंचायतीच्या तुटपुंज्या पगारावर. व्हॉल्व्ह बंद करायला त्याला सांगितलं होतं आणि उघडायला कुणी सांगितलं नव्हतं. तो मान खाली घालून बसला. एकजण म्हणालाच की पाणी सोडायचं काम रामदासचं आहे, जबाबदारी त्याची. दुसऱ्यानं री ओढली. दोन मिनिटांत सगळं त्याच्या अंगावर पडलं असतं आणि सभा चहाला उठली असती. मला ते दिसत होतं. खरं सांगायचं तर क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

मी उठलो. म्हणालो, "वही माझी आहे. मी वाडीत न येता लिहीत होतो. आलो असतो तर नळ बंद आहे हे पहिल्याच महिन्यात कळलं असतं. रामदासची यात चूक नाही."

मी हिराबाईकडं पाहिलं. ती रडेल, शिव्या देईल, काहीतरी म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. ती मुलाला दुसऱ्या काखेत घेत म्हणाली, "मंग व्हॉल्व्ह कवा उघडताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला. रामदासनं आणि मी मिळून. गांधीलमाशीचं घर काढताना रामदासला दोन ठिकाणी डंख बसले. पाणी आधी तांबडं आलं, मग गढूळ, मग स्वच्छ.

मी कागद लिहून दिला. खात्याची चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली, आणखीही थोडं झालं. ते इथं नको. सोबतच्यांनी वेड्यात काढलं. पाहुण्यांनी तर भरल्या सभेत आपल्याच माणसांत शोभा करून घेतलीस म्हणून बोलणं टाकलं. ओढ्यापलीकडच्या मळ्यावरचा चहा बंद झाला. माझा पहिला अहवाल, तो 'अस्वच्छ राहणीमान' वाला, वरच्या फायलीतून कुणी काढला की नाही ते मला माहीत नाही. बहुधा नसेल काढला. कुणी तरी कधी आकडे जुळवायला बसेल तेव्हा सुनीता तिच्याच राहणीमानानं मेली, असंच धरलं जाईल.

राहिलेली तीन वर्षं मी दर महिन्याला आधी वाडीत गेलो. हिराबाई नळाशी येऊन उभी राहायची. बोलायची नाही. नळीतलं पाणी पिवळं होईपर्यंत बघायची आणि निघून जायची. माफ केलं असं तिनं कधी म्हटलं नाही आणि मीही मागितलं नाही. एकदा मात्र तिनं हात पुढं केला. "द्या हिकडं, मी करते," म्हणाली. तिनं थेंब मोजून टाकले, नळी उन्हाला धरली. पुढच्या महिन्यापासून तीच करायला लागली. निवृत्त होताना मी माझ्या पिशवीतली नळी आणि नवी बाटली तिच्या हवाली केली. माझ्या जागी येणाऱ्यालाही सांगून ठेवलं की वाडीची नोंद हिराबाईला विचारल्याशिवाय लिहायची नाही.

गेल्या वर्षी ओतूरच्या बाजारात रामदास भेटला. चहा घेता घेता त्यानं सांगितलं. पावसाळ्यात त्याला ताप आला होता म्हणून चार दिवस दुसराच गडी टाकीवर होता. गोणी ओल्यात उघडी राहिली. ही पावडर उघडी राहिली की तिचा दम निघून जातो. गडी रोज पावडर ओतत होता आणि पाण्यात औषध नव्हतं. हिराबाईनं वाडीच्या नळाला नळी लावली, पाणी पिवळं होईना. तिनं वाडीत पाणी उकळायला सांगितलं. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण ती कामाचा खाडा करून वर गावात आली, पंचायतीजवळच्या नळाला तपासलं, मग सरपंचांच्या दारात, मग आळीतल्या एकेका घरी जाऊन सांगितलं, की आज पानी उकळल्याबगार पिऊ नका. सरपंचांच्या बायकोनं तिला आत बोलावून खुर्ची दिली. ती उभ्या उभ्याच सांगून पुढच्या घरी गेली. नवी गोणी आली ती दुसऱ्या दिवशी. गावात त्या वेळी कुणालाच काही झालं नाही.

मला राहवलं नाही. मी तिथूनच हिराबाईला फोन लावला. माझा आवाज तिनं ओळखला. मी विचारलं, गावासाठी एवढी पायपीट का केलीस.

पलीकडं तोडणीच्या बायांचा गलबला ऐकू येत होता.

"त्यांच्यात बी लेकुरवाळ्या हायेत, भाऊ," ती म्हणाली, आणि कामाची घाई आहे म्हणून फोन ठेवून दिला.